अकीक खोदणाऱ्याचा वाटा

माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत पंचायतनाची पूजा अजून चालू आहे. विष्णूचा शाळिग्राम गंडकीतला, शंकराचे बाणलिंग नर्मदेतले, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीतला, देवीचा दगड सुवर्णमुखीतला आणि सूर्याचा स्फटिक. कोणता दगड कुठल्या नदीचा, हे आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ असे. नदीचे नाव घराघरांत राहिले. पण तो दगड वेचून आणणारा कोण, हे कोणी विचारले नाही. पूजेतल्या दगडांचे जे झाले तेच अंगठीतल्या आणि माळेतल्या दगडांचेही झाले. यंदाच्या स्मरणिकेत अशाच एका दगडाची हकिगत सांगावी असे आम्ही ठरवले. तो दगड म्हणजे अकीक. मात्र ही हकिगत त्याच्या श्रीमंत गिऱ्हाइकांची कमी आणि त्याला जमिनीतून काढणाऱ्या माणसाची जास्त आहे.

ज्या खाणींबद्दल आम्ही लिहीत आहोत त्या धारला किंवा देवासला नाहीत. आपल्याच नर्मदेच्या खालच्या अंगाला, भडोच जिल्ह्यात, झगडियाजवळच्या रतनपूर गावाच्या आसपास त्या आहेत. पण उज्जैनहून भडोचकडे उतरणारी जुनी वाट आपल्या मुलखातली, आणि या हकिगतीचा सर्वांत कडू भाग तर थेट धार जिल्ह्यातल्या पाड्यांपर्यंत येऊन पोचतो. म्हणून ती आपलीही आहे.

दगडाचे कूळ

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर आणि माळव्यावर लाव्हाचे थरावर थर पसरले. आपली काळी जमीन त्याच खडकाची माती. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका आणून या पोकळ्यांत बसवली. स्फटिक, गारगोटी, अकीक, ओपल ही सगळी सिलिकेचीच भावंडे. ओपलच्या अंगात थोडे पाणी अडकलेले असते आणि उत्तम ओपलात इंद्रधनुष्याचे रंग खेळतात. अकीक त्यापेक्षा साधा. त्याच्यात एकावर एक बसलेल्या थरांच्या रेघा दिसतात. पण तो टणक आहे, त्याला झिलई चांगली चढते आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

वरचा खडक ऊनपावसाने कुजून मातीला मिळाला, तरी आतला अकीक तसाच राहिला. असे सुटे झालेले गोटे ओढ्यानाल्यांनी वाहून नेले आणि रतनपूरच्या बाजूला ते तांबड्या रेताड मातीच्या थरांत साचले. माणसाला अकीक मुबलक सापडला तो तिथे.

धारेवरची वाट

या दगडाशी माळव्याची ओळख फार जुनी आहे. उज्जैन जिल्ह्यातले कायथा हे प्राचीन स्थळ आपल्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९६४ साली प्रकाशात आणले. तिथल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत मडक्यांत जपून ठेवलेल्या मण्यांच्या माळा निघाल्या. त्यांत साधा अकीक होता, लाल अकीकही होता. महेश्वरासमोर, नर्मदेच्या दक्षिण काठावरच्या नावडाटोलीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५० नंतरच्या दशकात उत्खनन केले. तिथेही याच जातीच्या दगडाची बारीक हत्यारे आणि मणी सापडले.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने आपल्या समुद्रप्रवासाची टिपणे लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहेत. त्यात उज्जैनला ‘ओझीन’ आणि भडोचला ‘बारीगाझा’ म्हटले आहे. उज्जैनहून भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत रेघांच्या अकिकाचे नाव आधी येते, तलम कापडाचे नंतर. आपल्या पैठणाचाही त्यात उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या त्या शहरातून असाच दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर येत असे. माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारी ती वाट धार आणि बाघच्या परिसरातली. बाघची लेणी रानात एकटी वाटतात, पण ती या रहदारीपासून दूर नव्हती. वाटेवरच्या भिक्षूंना दान देणाऱ्यांत व्यापारी होते, राजे होते. दगड खोदणाऱ्याची नोंद ग्रीक टिपणांत नाही आणि इथल्या लेखांतही नाही.

रतनपूर आणि आपण

रतनपूर हा राजपिपळा संस्थानाचा मुलूख. या राजघराण्याची परंपरा आपले मूळ उज्जैनच्या परमार राजपुत्राशी जोडते. धारचे पवारही आपली वंशरेषा राजा भोजाच्या परमारांपर्यंत नेतात. परंपरेला कागदाचे बळ किती, हा प्रश्न निराळा. पण नर्मदेच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या लोकांना आपण एकाच कुळाचे आहोत असे वाटत होते, एवढे त्यातून नक्की कळते.

मराठी इतिहासात रतनपूरचे नाव वेगळ्याच कारणाने येते. औरंगजेबाच्या अखेरच्या दिवसांत, १७०६ साली, धनाजी जाधवांच्या फौजेने रतनपूरजवळ मोगली सैन्याला धूळ चारली आणि सफदरखान बाबीला कैद केले.  आमच्या वाचनात आलेल्या मराठी पुस्तकांत या लढाईची वर्णने आहेत. पण ज्या जमिनीवर घोडी दौडली तिच्या पोटात अकिकाचे भुयार होते, याचा उल्लेख कुठे दिसला नाही.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १७२८ च्या नोव्हेंबरात, धारजवळच्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने गिरधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पाडाव केला. माळव्याचे दार उघडले. धारला पवार स्थिरावले. देवासला तुकोजी आणि जिवाजी या बंधूंच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्याच ओघात शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य म्हणून इकडे आले. खाली किनाऱ्यावर, अकिकाची मोठी पेठ असलेल्या खंबायतीच्या उत्पन्नात पेशव्यांची चौथाई होती. १८०२ च्या वसईच्या तहाने ती इंग्रजांकडे गेली. खंबायतीचा नावाजलेला धंदाच अकिकाचा, तेव्हा त्या चौथाईत या दगडाचाही अंश असणारच. वाटा घेणाऱ्यांत आपणही होतो, हे विसरून चालणार नाही.

खड्ड्यात उतरणारा

आता मुख्य माणसाकडे येऊ. रतनपूरच्या खाणींत उतरणारे बहुतेक भिल्ल. पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा सोळाव्या शतकाच्या आरंभी या भागाबद्दल लिहितो, तेव्हा त्याला लिमोदरा हे गाव ठाऊक आहे आणि ‘बाबागोर’ या नावाने विकला जाणारा दगडही ठाऊक आहे. बाबागोर किंवा बावा गोर हे रतनपूरजवळच्या डोंगरावरचे सिद्दी पीर. आफ्रिकेतून आलेल्या या संताने अकिकाचा धंदा वाढवला अशी आख्यायिका आहे. त्यांच्या दर्ग्याची सेवा आजही सिद्दी करतात आणि नवस बोलायला हिंदू, मुसलमान, भिल्ल सगळेच येतात. दगडाला पिराचे नाव मिळाले ते असे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉपलंड नावाच्या इंग्रज गृहस्थाने या खाणी प्रत्यक्ष पाहिल्या. त्याचे टिपण मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात १८१९ साली छापले गेले. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्येही या धंद्याची माहिती आली. या दोन्हींतून कामाचे चित्र पुरेसे स्पष्ट होते.

खाण म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते तसा मोठा कारभार नव्हे. सुमारे चार फूट रुंदीचा विहिरीसारखा खड्डा, तीस फूट खोल, कुठे पन्नास फूटही. तळाशी पोचल्यावर दगडाचा थर जिकडे जाईल तिकडे आडवे बोगदे. काम पावसाळा संपल्यावर सुरू होई, कारण उन्हाळ्यात आतली हवा कोंडते आणि पावसात कडा ढासळतात. म्हणून एका वर्षाचा खड्डा दुसऱ्या वर्षी उपयोगी पडत नसे. दरवर्षी नव्याने खोदायचे. खाणींच्या जागी दाट रान होते. वाघाच्या भीतीने रात्री तिथे कोणी राहत नसे. माणसे सकाळी गावातून येत आणि अंधार पडायच्या आत परत जात. वर वाघ, खाली ढासळणारी माती, अशा दोन भयांत दिवस काढायचा.

एवढे करून वर जो दगड येई तो दिसायला अगदीच सामान्य. मळकट, हिरवट, काळसर. त्याची जागच्या जागी एक टवका उडवून परीक्षा होई. निवडलेले दगड महिनोन्‌महिने उन्हात वाळवत. मग पावसाळ्याच्या तोंडावर, वर्षातून एकदा, जमिनीत चर खणून त्यात शेणाची आच करत. दगड भरलेली मडकी त्या आचेवर पालथी घालत आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत विस्तव तेवत ठेवत. दगडातल्या लोहाचे उष्णतेने रूप पालटते आणि सकाळी मळकट गोटा लालबुंद होऊन बाहेर येतो. आच कमी पडली तर रंग येत नाही, एकदम वाढली तर दगड तडकतो. लाल अकिकाचे सारे वैभव या एका रात्रीवर अवलंबून, आणि त्या रात्रीचे शास्त्र गावातल्या माणसांच्या हातात होते. ते कोणत्या पुस्तकातून आलेले नव्हते.

खंबायतीला पोचल्यावर पुढचे काम सुरू होई. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवायचा, म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके काढत मणी घडवायचा, घासायचा, झिलई द्यायची, आणि टोकाला हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने भोक पाडायचे. तिथून माळा अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात.

भाव कोणाच्या हाती

जमिनीतून काढलेल्या दगडाने गरीब माणूस रातोरात श्रीमंत झाल्याच्या गोष्टी आपण वाचतो. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी येथे १९१५ साली ओपल सापडला. तिथे आजही लहान खाणवाले आपली जागा आखून, तिची नोंद करून स्वतः खणतात. उन्हाळा इतका कडक की पुष्कळांनी जमिनीखालीच घरे केली आहेत. वर्षानुवर्षे हाती काही लागत नाही, पण लागले तर ते खणणाऱ्याचे. आपल्या मध्य प्रदेशातच पन्ना येथे आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद एवढी जमीन अल्प शुल्क भरून हिऱ्यासाठी पट्ट्याने मिळते. सापडलेला हिरा हिरे कार्यालयात जमा करायचा, त्याचा लिलाव होतो आणि रॉयल्टी व कर वजा जाता रक्कम पट्टेदाराला मिळते. बहुतेकांच्या पदरी माती आणि खडेच पडतात. तरी एखाद्या मजुराने मोठा हिरा काढल्याची बातमी अधूनमधून येते, कारण तिथे सापडलेल्या वस्तूवर खणणाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे.

रतनपूरच्या खोदणाऱ्याला असा हक्क मिळाला नाही. जमिनीचा धनी राजा, खाणींचा मक्ता दुसऱ्याचा, दगड विकत घेणारा खंबायतीचा व्यापारी. शिवाय अकीक हिऱ्यासारखा नाही. हिऱ्याचा खडा जमिनीतून निघतो तेव्हाच मोलाचा असतो. अकिकाला मोल चढते ते भाजल्यावर, घडवल्यावर, भोक पाडल्यावर आणि दूरच्या बंदरात पोचल्यावर. प्रत्येक टप्प्यावर, प्रत्येक नव्या हातात. पहिला हात सर्वांत खालचा राहिला. म्हणूनच चार हजार वर्षांच्या या धंद्यात व्यापाऱ्यांच्या पेढ्या झाल्या, बंदरे भरभराटली, पिराचा दर्गा उभा राहिला. पण अकिकावर नशीब उघडलेल्या एकाही खोदणाऱ्याची गोष्ट आमच्या तरी ऐकण्यात नाही. नशीब उघडण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

दगडाची धूळ

खोदणाऱ्याला भीती होती ती माती ढासळण्याची आणि कोंडलेल्या हवेची. पण हाच दगड कोरडा घासला किंवा दळला की त्याची जी बारीक धूळ उडते ती त्याहून घातक. डोळ्यांना न दिसणारे सिलिकेचे कण श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथेच रुततात. फुप्फुस हळूहळू घट्ट होत जाते, चालताना धाप लागते, मग बसल्या जागी लागते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. पुष्कळ वेळा तो क्षय समजला जातो, क्षयाची औषधे दिली जातात आणि रोगी तसाच खंगत राहतो. खंबायतीच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत हा आजार असल्याचे डॉक्टरांनी वारंवार नोंदवले आहे. घासण्याचे काम घराच्या ओसरीवर चाले, त्यामुळे धूळ बायकामुलांच्याही वाट्याला आली.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत पाऊस दगा देई तेव्हा धार, झाबुआ आणि अलीराजपूर भागातले भिल्ल, भिलाला तरुण कामाच्या शोधात गुजरातेत जात. त्यांतले बरेच गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत लागले. काच वगैरे उद्योगांना लागणारी सिलिकेची पूड तिथे तयार होई. दगड भरडायचा, पीठ करायचे, पोती भरायची. सगळे धुळीच्या ढगात. काही महिने काम करून परतलेली धडधाकट मुले वर्षा-दोन वर्षांत अंथरुणाला खिळली. एकाच घरातले नवरा-बायको, दोघे भाऊ गेले.

इथल्या पीडितांनी आणि त्यांच्या संघटनांनी हा प्रश्न राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. २०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ती रक्कम देण्याचा आदेश दिला. २३८ हा आकडा वाचून पुढे जाणे सोपे आहे. पण अकिकाच्या कुळातल्या दगडापायी जीव गमावणाऱ्यांची नावानिशी यादी झाली आणि ती देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयात वाचली गेली, ही या लांबलचक इतिहासातली नवी गोष्ट आहे. कॉपलंडने खड्ड्यांची खोली मोजली, गॅझेटिअरने मडक्यांचे वर्णन केले, ग्रीक खलाशाने मालाची यादी केली. कामगारांची यादी कामगारांनाच करावी लागली, आणि तीही मेल्यावर.

आपल्या हाती काय

माळव्यात येऊन आपल्याला पावणेतीनशे-तीनशे वर्षे झाली. या मुलखाने आपल्याला जमिनी, वाडे, नोकऱ्या, मान दिला. इथला इतिहास सांगताना आपण लढाया, सनदा आणि पात्या सांगतो, तो सांगावाच. त्याच्या जोडीला शेजारच्या पाड्यांतल्या माणसांचाही इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा, असे आम्हाला वाटते. त्यासाठी फार मोठे काही करायला नको.

घरात जुनी अकिकाची माळ, अंगठी, खलबत्ता किंवा पंचायतनाची पेटी असेल तर ती कोणी, कुठून, केव्हा आणली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अशा नोंदी छापता येतील. घराचे काम काढाल आणि फरशी किंवा ग्रॅनाइट कापायला माणूस येईल, तेव्हा मशीनच्या पात्यावर पाण्याची धार चालू ठेवायला सांगा. कोरडे कापले तर काम लवकर उरकते, पण धूळ त्याच्या छातीत जाते. पाणी आणि नीट बसणारा मास्क आपण पुरवावा. तो खर्च मजुरीतून कापू नये. मंडळाच्या सभासदांत डॉक्टर बरेच आहेत. त्यांना विनंती अशी की पाड्यावरचा खोकणारा तरुण समोर आला, तर क्षयाचे औषध लिहिण्याआधी तो कुठे आणि कसल्या कामाला गेला होता, एवढे त्याला जरूर विचारावे.